टोपलीमागे सगळेच हेर नव्हते

जपानमधले कोमुसो, म्हणजे तोंडावर टोपली घालून बासरी वाजवत फिरणारे भिक्षू. 'ते शोगुनचे (लष्करी शासकाचे) हेर, म्हणून तोंडावर टोपली' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. हेरगिरीला तो वेष सोयीचा होता, कबूल. पण त्यांच्या फुके या झेन बौद्ध पंथात त्या विणलेल्या टोपलीचा (तेंगाई) अर्थ मीपण झाकणं असा होता. पंथात शिरलेले बरेचसे धनी गमावलेले सामुराई, म्हणजे रोनिन.

खरी गंमत त्यांच्या परवान्याची. माजी शोगुन इएयासूने १६१४ मध्ये मुक्त संचाराची सवलत दिली, असा कागद ते दाखवत. अभ्यासक तो बनावट मानतात, तरी चालला मात्र दीर्घकाळ! शेवटी १८७१ मध्ये, शोगुनशाहीनंतर आलेल्या मेइजी सरकारने पंथच मोडीत काढला. शाकुहाची, म्हणजे त्यांची बांबूची बासरी, मात्र वाचली, कारण ती तोवर मठाबाहेरही शिकवली जात होती.