‘वी हेवी’ नुसती गोडच का लागते?

शिलिंगवाला: एडिंबरात ‘वी हेवी’ या कडक स्कॉटिश बिअरची ३३० मिलीची बाटली घेतली, ७.५ टक्के अल्कोहोल. फ्रिजमधून काढली आणि लगेच उंच ग्लासात ओतली. गोड लागली, बाकी काही कळलं नाही. स्कॉटिश म्हटल्यावर धुराचा वास येईल असं वाटलं होतं, तोही नाही. बाटली खराब की पद्धत चुकली? आणि स्कॉटिश बिअरच्या नावांतलं हे ६०, ७०, ८० शिलिंग काय प्रकरण आहे?

माल्टोबा: पद्धत. फ्रिजच्या ४ अंशांना जीभ बधिर होते, वास तर उठतच नाही. बाटली ४० मिनिटं आधी बाहेर काढा, १२-१४ अंशांवर येऊ द्या. पोट फुगीर आणि तोंड आवळलेला ग्लास घ्या (वाइनचाही चालतो) आणि तिसरा हिस्साच भरा. आधी दोन-तीन छोटे हुंगे, मग घोट. तो जिभेवर फिरवून गिळा आणि नाकाने श्वास सोडा. काकवी, खजूर, भाकरीचा खरपूस पापुद्रा हे तेव्हा सापडतं. उरलेली बिअर ग्लास तळहातात धरून हळूहळू गरम होऊ द्या. शेवटचा घोट पहिल्यापेक्षा वेगळा लागतो.

तळाशी गाळ असेल तर बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवायची आणि शेवटचं बोटभर बाटलीतच सोडायचं.

शिलिंग म्हणजे १९व्या शतकातला पिंपाचा भाव. भाव जास्त, तितकी एल (बिअरचाच एक प्रकार) कडक. आजच्या हिशेबाने ६० म्हणजे ‘लाइट’, साधारण ३ टक्के. ७० ‘हेवी’, साडेतीनच्या आसपास. ८० ‘एक्स्पोर्ट’, चार-पाच. ‘वी हेवी’ त्याच्या वर. नावात ‘हेवी’ दोन्हीकडे आहे, पण पबमध्ये नुसती ‘हेवी’ मागितलीत तर सौम्य एलच हातात येईल.

कडू_हॉप: धुराचं खूळ व्हिस्कीवरून आलंय. पीटच्या (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींचं जळण) धुरावर सुकवलेलं माल्ट (मोड आणलेलं धान्य) पारंपरिक स्कॉटिश एलमध्ये नसतं. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी नियमावलीतही ते या शैलीला चुकीचं मानलंय. काही क्राफ्टवाले (छोट्या ब्रुअरीज) घालतात, ती त्यांची हौस.

गोडपणाचं कारण वेगळं. हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कमी, त्यामुळे कडूपणा माल्टला जेमतेम तोलतो. नमुना म्हणून स्कॉटलंडमधल्या ट्रॅक्वेअर हाऊस या जुन्या वाड्यातली ट्रॅक्वेअर हाऊस एल घ्या: ७.२ टक्के, अजूनही ओकच्या पिंपांत आंबवतात. तिथली जुनी ब्रुअरी १९६५ साली पुन्हा सुरू झाली. गोडी आहे, पण शेवट कोरडा. घोट गिळल्यावर साखर ओठांना चिकटून राहत असेल तर ती एल बेताचीच.

शिलिंगवाला: कोमट झाल्यावर लोण्यासारखा वास आला. बिघाड समजायचा?

माल्टोबा: पुसट असेल तर या शैलीत खपतो. पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा ढळढळीत असेल तर तो डायअसेटिल या रसायनाचा दोष. यीस्ट (बिअर आंबवणारी सूक्ष्म बुरशी) ते आधी तयार करतं आणि आंबवण शेवटाला आलं की स्वतःच खाऊन टाकतं. घाईने थंड केलं की तसंच राहतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बाटलीत हवा गेली. मात्र जुन्या वी हेवीत शेरीसारखा वास आला तर फेकू नका, तो मुरल्याचा गुण. घशात स्पिरिटसारखी जळजळ होत असेल तर आंबवण जास्त गरम झालं.

कडू_हॉप: सोबत जुनं, टणक चेडर ठेवा. चीझच्या मिठाने गोडी मागे सरते. चॉकलेट केक नको, दोन्ही गोड एकत्र आले की बिअर पाणचट लागते.