प्रतिसाद : नियतकालिक आधी, कार्यालय नंतर

परदेशाच्या अभ्यासाला वाहिलेली संस्था पगारी कार्यालयाशिवाय टिकत नाही, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. १८७२ मध्ये योकोहामा येथे स्थापन झालेल्या ‘एशियाटिक सोसायटी ऑफ जपान’चे सुरुवातीचे सभासद प्रामुख्याने ब्रिटिश व अमेरिकन वकिलातींतील अधिकारी, मिशनरी आणि शिक्षक होते, ते आपापली नोकरी सांभाळून निबंध वाचत, त्यांवर चर्चा करत आणि निवडक निबंध संस्थेच्या नियतकालिकात छापत. ब्रिटिश जपान-अभ्यासक बॅसिल हॉल चेंबरलेन यांचे ‘कोजिकी’ या प्राचीन जपानी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर याच नियतकालिकाच्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून निघाले. अशा सभासदांची बदली कधीही होऊ शकते (आणि हौशी चिटणीस गेला की दप्तरही बहुधा विस्कटते!), म्हणून छापील खंडांनाच मी संस्थेचा खरा कणा मानतो. ब्रिटनमधील जपान-अभ्यासकांची संघटना १९७४ मध्ये स्थापन झाली आणि ‘जपान फोरम’ हे तिचे नियतकालिक १९८९ मध्ये सुरू झाले. ते एका व्यावसायिक प्रकाशनसंस्थेमार्फत निघते. छपाई आणि वितरण असे बाहेर सोपवले, तरी लेखांची निवड व परीक्षण अभ्यासकांकडेच राहिले पाहिजे, कारण ते काम कार्यालयातील कर्मचाऱ्याला, तो कितीही कार्यक्षम असला तरी, करता येणार नाही.