पेटी आणि गळा घरीच रेकॉर्ड करायचाय, पंधरा हजारांत काय बसेल?

संवादिनी_सातारा:
नमस्कार मंडळी. पेटी वाजवत अभंग म्हणतो. मोबाइलवर रेकॉर्ड केलं की पेटीच पेटी ऐकू येते, शब्द मागे पडतात. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. घर रस्त्याला लागून. दुकानदार म्हणतोय कंडेन्सर माइकच घ्या. पुढे तबलाही घ्यायचाय. आधी पैसे कशात घालू?

टाळकरी_नाशिक:
दादा, रस्त्यालगतच्या घरात कंडेन्सर आत्ता घेऊ नका. तो फार बारकं ऐकतो, रिक्षा, पंखा, शेजारचा कुकर, सगळं टिपतो. साधा डायनॅमिक माइक घ्या, तो जवळचाच आवाज जास्त घेतो. शुअरचा एसएम५८ जुना आणि अस्सल मिळाला तर उत्तम, पण नकली माल फार फिरतो, ओळखीच्या माणसाकडूनच घ्या.

खरा खर्च ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर करा, तोही दोन माइक लागतील असा. बेहरिंगरच्या यूएमसी२०२एचडीला दोन्ही माइकच्या जागा आहेत. फोकसराइट सोलोला माइकची एकच जागा, ती तुम्हाला पुरणार नाही. सॉफ्टवेअर रीपर: ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर घरगुती परवाना ६० डॉलरचा. ८ जीबीवर आरामात चालतं. उरलेल्या पैशात कान पूर्ण झाकणारे हेडफोन.

आता मुद्द्याचं. पेटी आधी आणि गळा नंतर असं वेगळं रेकॉर्ड करू नका. अभंगात भाता आणि श्वास एकत्र चालतात. तो मेळ एकदा सुटला की मागाहून जुळवता येत नाही. एकत्रच म्हणा, माइक मात्र नीट लावा. हे माइक मागच्या बाजूने कमी ऐकतात, म्हणून गाण्याचा माइक ओठांपासून चार बोटांवर ठेवा आणि त्याची मागची बाजू पेटीकडे वळवा. पेटीचा माइक वरच्या जाळीच्या बाजूला, हातभर अंतरावर. भात्यासमोर नको, फसफस आणि हाताची खटखट येते. पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टांगा, खोलीचा घुमारा बराच बसतो. पंखा बंद!

रियाजी_पुणे:
घुमाऱ्याबद्दल सहमत. पण रात्री उशिरा शांतता असेल तर पेटीला कंडेन्सर फार गोड लागतो. त्याला लागणारे ४८ व्होल्ट इंटरफेसवरून मिळतातच. दुसरा माइक पुढे तोच घ्या.

संवादिनी_सातारा:
आभार. एक अडचण: माझी पेटी जुनी आहे. सॉफ्टवेअरचा तानपुरा काळी एकला लावला तरी पेटीशी जुळत नाही.

टाळकरी_नाशिक:
पेटी चढलेली किंवा उतरलेली असणार. ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या (पाश्चात्त्य ‘ए’च्या) हिशेबाने मधल्या सप्तकातली काळी एक साधारण २७७.२ हर्ट्झवर येते, जुन्या पेट्या तिथे क्वचितच असतात. पेटीचे सूर आता बदलायचे नाहीत, तानपुराच पेटीकडे आणायचा. रीपरमध्ये रीट्यून नावाचं सूर मोजणारं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आहे. पेटीच्या ट्रॅकवर ते लावा, भाता एकसारखा ठेवून षड्ज धरा आणि किती सेंट (दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडतो ते बघा. तेवढाच तानपुरा सरकवा. भाता जोरात मारलात तर सूर किंचित हलतो, म्हणून गाताना जितका दाब देता तितकाच द्या. तबलाही त्याच षड्जाला मिळवायला सांगा.

आणि गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटलं तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं (लॅपटॉपमधून न फिरवता आवाज थेट कानात देणारं) बटण दाबा आणि रीपरमधलं मॉनिटरिंग बंद करा. पहिला अभंग झाला की इथे टाका, ऐकून माइकच्या जागा आणखी जमवू.