मदत हवी आहे: १५ वर्षं होत आलेली गाडी पुन्हा पासिंग करावी की स्क्रॅपला द्यावी? (नागपूर, एमएच ३१)

नमस्कार मंडळी. घरात हा विषय काढला की जेवणाची ताटं तशीच राहतात, म्हणून इथे विचारते.

पेट्रोल हॅचबॅक आहे, हजार सीसीच्या आतली, उंच छपराची. नोंदणी फेब्रुवारी २०११ची, म्हणजे येत्या फेब्रुवारीत १५ वर्षं पूर्ण. सव्वा लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. इंजिनाची काही तक्रार नाही, पहिल्या सेल्फला सुरू होते. बाकी अंगाला मात्र वय दिसतं. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली की पत्र्याची चाळणी झालेली दिसते. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलेलं असताना गाडी काढली तर घरी येऊन मोजे पिळावे लागतात. एसी गाडी पळतेय तोवर गार. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला थांबलो की गरम वाफ. नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो ते इथल्यांना सांगायला नको.

मेकॅनिकने कॉम्प्रेसर, फ्लोअरचं वेल्डिंग आणि अंडरकोटिंग, पुढचे सस्पेन्शन बुश आणि चार टायर असा सगळा मिळून ६५ ते ७० हजारांचा अंदाज दिलाय. पासिंगचा खर्च त्याच्यावर. १ एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरच्या खासगी कारची नूतनीकरण फी ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि एजंट धरला तर त्याचे वेगळे.

स्क्रॅपचं म्हणाल तर एका सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्राने फोटो पाहून २२ हजार सांगितले. ओळखीचा भंगारवाला जागेवर ३० हजार रोख द्यायला तयार आहे, "कागदांचं मी पाहून घेतो ताई" म्हणतो. जुन्या गाड्यांचा डीलर म्हणतो, सगळं काम आणि पासिंग करून आणा, मग ७० हजारांचं बोलू. म्हणजे ७० हजार घाला आणि ७० हजार घ्या! यात माझा फायदा नेमका कुठे, हे त्यालाही सांगता आलं नाही.

नवीन गाडी पाहिली ती साडेसहा लाख एक्स-शोरूमची. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर सेससकट २९ टक्के होता तो १८ टक्के जीएसटीवर आला. हीच गाडी आधी सात लाखांच्या वर पडली असती, साठेक हजार वाचतात, हे नवरा घरी येईल त्याला ऐकवतो. सासूबाईंचा विरोध आहे आणि त्यांचं कारण गुडघे. आत्ताच्या गाडीत त्या खुर्चीवर बसावं तशा बसतात, वाकावं लागत नाही. शोरूममधल्या गाडीत बसवताना एकाने हात धरला, उतरवताना दोघांनी. तिथेच सेल्समनसमोर म्हणाल्या, "यात बसण्यापेक्षा मी ऑटोनं जाईन."

शहरात वापर कमीच. मी नोकरीला मेट्रोने जाते, उज्ज्वलनगरहून सीताबर्डी. गाडी लागते ती दवाखान्याला, लग्नकार्याला आणि काटोलजवळच्या गावी जायला. पण मुलगी यंदा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेली आणि समृद्धी महामार्गाने जाणं-येणं सुरू झालं.

आणखी एक गुंता. आरसी अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते वारले, नाव बदलायचं राहूनच गेलं. कर्ज केव्हाच फिटलं, पण बँकेचा बोजा आरसीवर तसाच दिसतो.

तर पाच वर्षांसाठी पासिंग करून घ्यावं का? स्क्रॅप करून नवीन घेतली तर सवलत खरोखर किती हातात पडते? आणि भंगारवाल्याच्या जास्तीच्या आठ हजारांना भुलावं का? ज्यांनी यातून गाडी काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात भुलू नका. तो गाडी नेईल, पण सरकारदरबारी ती तुमच्या सासऱ्यांच्याच नावावर राहील. उद्या तुमचा चेसिस नंबर कुठल्या भलत्या गाडीवर बसला तर पोलिस तुमच्या दारात. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून आरसी जमा करायची, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे आणि ती जबाबदारी मालकाची. भंगारवाला "पाहून घेतो" म्हणतो ते पाहत नाही. त्याचा डोळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे गाडीचा धूर साफ करणाऱ्या भागावर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. ते जास्तीचे आठ हजार तिथूनच येतात.

नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की डिपॉझिट सर्टिफिकेट, म्हणजे गाडी स्क्रॅपला जमा केल्याचा दाखला मिळतो, पुढे नोंदणी रद्द होते आणि पैसे बँकेत येतात. पण ते सर्टिफिकेट आरसीवरच्या मालकाच्या नावाने निघतं, आणि बोजा किंवा चलान बाकी असेल तर गाडी अडते. म्हणून काहीही ठरवा, पहिलं काम तेच: बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा, मग फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी करा. मृत्यू दाखला लागेल, बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागेल. नणंदा-दीर बाहेरगावी असतील तर दिवाळीला सगळे जमतात तेव्हाच सह्या घेऊन टाका.

प्रतिसाद २

काहून सात लाख घालून राहिल्या ताई? इंजिन चांगलं आहे म्हणता ना! माही गाडी १८ वर्साची हाय, पासिंग करून घेतली, मस्त चालून राहिली. ते दहा वर्स डिझेल नि पंधरा वर्स पेट्रोलवालं लफडं दिल्लीकडलं आहे. आपल्याकडे पंधरा वर्सं झाली म्हणजे गाडी मेली असं नाही, नोंदणी संपते. दर पाच वर्सांनी तपासणी करून पुढं वाढवा. फक्त मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज घेतात, तेव्हाच टाका. उशीर झाला का महिन्याला ५०० रुपये दंड लागते.

डीलरच्या नादी लागू नका. फ्लोअरचं वेल्डिंग तेवढं करा, टायर घ्या. एसीचं आधी कंडेन्सरचा पंखा पहा. उभ्या गाडीत गरम नि पळत्या गाडीत गार, हे कॉम्प्रेसरचं लक्षण नाही वाटत मले. पंखा हजार-दोन हजारात होते. दुसऱ्या मेकॅनिकले दाखवा.

प्रतिसाद ३

वरच्या भाऊंचं पंख्याबद्दलचं बरोबर आहे, बाकी मी थोडा वेगळा विचार करीन. काटोल आणि दवाखान्यासाठी ही गाडी आणखी पाच वर्षं सहज निघेल. प्रश्न समृद्धीचा आहे. तिथे वेगमर्यादा १२० आहे, रस्ता सिमेंटचा, आणि उन्हाळ्यात टायर किती तापतो हे टोलनाक्याजवळ उतरून हात लावल्यावर कळतं. तुमच्या टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतील ते वाचा. २३१६ असेल तर २०१६च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. तुमची गाडी कमी चालते, म्हणजे टायर झिजून नाही तर नुसते जुने होऊन बाद होतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय २०११च्या साध्या मॉडेलमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. आपल्याकडे एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती २०१९मध्ये. फ्लोअरचा पत्रा गंजलेला असताना धडक बसली तर काय, ते लिहीत नाही.

E20 पेट्रोलचंही, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही बघा. एवढ्या जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि सील त्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलचा वास येत असेल तर आजच पाइप बदला. काम स्वस्तातलं आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. टायरचे आकडे पाहिले. दोन २०१७चे, एक २०१८चा, आणि स्टेपनी गाडीसोबत आलेली, २०१०ची! ती एकदाही उतरवलेली नव्हती. चौथ्याचे आकडे आतल्या बाजूला आहेत, ते मोबाइल खाली घालून फोटो काढूनही दिसले नाहीत.

पंखा खरंच बंद होता. रिले आणि पंखा मिळून १,८०० रुपयांत एसी सिग्नललाही गार झाला. आधीच्या मेकॅनिकचा कॉम्प्रेसर वाचला, तेव्हा त्याच्या अंदाजातले निदान वीस हजार कमी धरायला हरकत नाही. आता सवलतीचं कोणी सांगेल का? शोरूमवाला "स्क्रॅप केलं तर खूप बेनिफिट" एवढंच म्हणतो आणि आकडा विचारला की चहा मागवतो.

प्रतिसाद ४

आकडा मी सांगतो, चहा तुम्ही पाजा.

नवीन गाडीची नोंदणी फी माफ असते. ऐकायला मोठं वाटतं, पण खासगी कारची ती फीच मुळात ६०० रुपये आहे. खरा पैसा रस्ता करात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे साडेसहा लाखांवर ७१,५००. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा आहे. प्रत्यक्षात राज्य जी देईल ती. करातल्या दर दहा टक्के सवलतीमागे तुमचे ७,१५० वाचतात, असं धरून चाला. बुकिंगआधी कोटेशनमध्ये करसवलत वेगळ्या ओळीत लिहून मागा. लिहून देत नसेल तर ती नाही असं समजा.

कंपनीची स्क्रॅप सवलत आणि एक्स्चेंज बोनस दोन्ही एकदम सहसा मिळत नाहीत, जो मोठा तो घ्या. स्क्रॅपचं सरकारी धोरण आलं तेव्हा जुन्या गाडीची भंगार किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असेल असं सांगितलं होतं. साडेसहा लाखांवर ते २६ ते ३९ हजार होतात, पण केंद्रं वजन आणि भंगाराचा दर पाहून बोलतात. २२ हजारांवर थांबू नका, आणखी दोन केंद्रांना विचारा. बॅटरी, टायर, कन्व्हर्टर जागेवर असल्याचे फोटो पाठवा. तुकडे काढलेली गाडी समजून ते भाव पाडतात.

तर नवीन घेण्याचं कारण सवलत असूच शकत नाही, ती सगळी मिळून साडेसहा लाखांच्या पुढे चिल्लर आहे. समृद्धीवर दर महिन्याला जाणार असाल तर एअरबॅगसाठी घ्या. वर्षात दोन-तीनदा जाणार असाल तर संभाजीनगरला रेल्वेने किंवा भाड्याच्या गाडीने जा आणि ही गाडी शहरात ठेवा. तिसरा मार्ग म्हणजे चार-पाच वर्षं वापरलेली, दोन एअरबॅगची, उंच सीटची गाडी. सासूबाईंना सोबत न्या, आधी त्यांना बसवून पहा, मग टेस्ट ड्राइव्ह.

धागाकर्ती

हे पटलं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो ६०० रुपयांपाशी गप्प झाला.

सध्या ठरलंय ते असं: बोजा उतरवणं आणि नाव बदलणं लगेच, बँकेत एनओसीचा अर्ज दिलाय. गाडी समृद्धीवर न्यायची नाही, मुलीकडे रेल्वेने जायचं. फ्लोअरचं वेल्डिंग आणि टायर करून पासिंग करून घ्यायचं. टायर घेतेय ते, उद्या गाडी देऊन टाकायची झाली तरी तोवर शहरात लागतीलच. वापरलेली उंच गाडी निवांत शोधायची. मनासारखी मिळाली तर ही नोंदणीकृत केंद्रातच जाईल, भंगारवाल्याला नाही म्हणून कळवलं. त्याने लगेच ३५ हजार केले.

आता एकच विचारायचं राहिलं. एक नणंद दुबईला असते. तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून करून घ्यावं लागेल, की ती सुट्टीला येईपर्यंत थांबावं? कोणी असं केलं असेल तर सांगा. पासिंगचा अर्ज करायच्या आधी नाव बदलून हवं आहे.