ग्रेस हेबर्ड: पायोनियर इतिहासाच्या राखणदार की दंतकथांच्या कर्त्या?

पानगळ (धागाकर्ता)
वायोमिंग विद्यापीठाच्या प्राध्यापक आणि ग्रंथपाल ग्रेस रेमंड हेबर्ड (१८६१–१९३६) यांनी पायोनियरांची (अमेरिकेच्या पश्चिमेत आधी वसलेल्या गोऱ्या लोकांची) पत्रं, रोजनिशा, आठवणी जमवल्या, ओरेगॉन ट्रेल या त्यांच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर दगडी खुणा बसवायला झटल्या. तरीही त्यांना इतिहासकार म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण सकागाविया. पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेलेल्या ल्युइस-क्लार्क मोहिमेतली (१८०४–०६) ही शोशोनी जमातीची दुभाषी म्हातारी होऊन १८८४ मध्ये वायोमिंगमधल्या विंड रिव्हर रिझर्वेशनवर (मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या भूभागावर) वारली, असं बाईंनी १९३३ च्या पुस्तकात ठासून मांडलं. पण फोर्ट मॅन्युएल या फर-व्यापाराच्या ठाण्याचा कारकून लटिग २० डिसेंबर १८१२ रोजी लिहितो: शार्बोनोची (सकागावियाचा नवरा, तोही मोहिमेत दुभाषी) शोशोनी बायको तापाने गेली, वय पंचविशीच्या आसपास, मागे तान्ही मुलगी. ही रोजनिशी १९२० लाच छापली गेली होती.

वाटसरू
असहमत. लटिगने नाव लिहिलेलं नाही, आणि शार्बोनोला शोशोनी बायका एकाहून जास्त होत्या. बाईंचा मुद्दा हाच होता. सरकारने चौकशीसाठी पाठवलेले डकोटा डॉक्टर चार्ल्स ईस्टमन यांनीही १९२५ मध्ये १८८४ च्याच बाजूने कौल दिला.

पानगळ
मग आजूबाजूचे कागद बघा ना. १८११ मध्ये ब्रॅकेनरिज हा प्रवासी लेखक याच जोडप्याबरोबर बोटीवर होता. शार्बोनोची ही बायको मोहिमेत गेलेलीच, ती आजारी आहे आणि आपल्या मुलखात परतायची तिला ओढ लागली आहे, असं तो नोंदवतो. पुढे मोहिमेचा एक प्रमुख क्लार्क याच्या १८२५–२८ च्या हिशेबवहीत मोहिमेतल्या माणसांची यादी आहे, त्यात सकागावियाच्या नावापुढे ‘मृत’.

जुनी वही
हिशेबवही बाईंच्या मृत्यूनंतर उजेडात आली, तिचा दोष त्यांना देऊ नका. दोष पद्धतीचा आहे. त्यांनी निष्कर्ष १९०७ मध्येच छापला आणि विंड रिव्हरवरच्या लोकांच्या साक्षी जमवण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं. असं झालं की प्रश्नातच उत्तर शिरतं: ‘सकागाविया कशी होती?’ विचारलं, तर साक्षीदार ओळखीच्या म्हातारीबद्दलच सांगणार. त्यात मध्ये दुभाषा.
हे जबाब वापरताना प्रत्येकावर चार गोष्टी टिपा: तारीख, विचारणारा, दुभाषा, आणि पाहिलेलं की ऐकलेलं. ‘ती मोहिमेत होती’ हा भाग बाजूला ठेवा. उरतं ते पोरिवो नावाच्या वृद्धेचं (१८८४ मध्ये वारलेली, बाईंनी सकागाविया ठरवलेली ती हीच), तिच्या बाझिल या मुलाचं आणि विंड रिव्हरवरच्या जगण्याचं वर्णन. ते सोन्यासारखं आहे.

वाटसरू
आणि ट्रेलचं काम? बाई शिकलेल्या स्थापत्य अभियांत्रिकी, वायोमिंगची राजधानी शायेन इथल्या सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढलेल्या. वायोमिंगमधल्या ग्वेर्न्सीजवळ वाळूच्या दगडात गाड्यांच्या चाकोऱ्या पाच फुटांपर्यंत खोल आहेत, त्या टिकतील. मऊ मातीतल्या एका नांगरणीत जातात. वाट दाखवू शकणारे म्हातारे हयात होते तोवरच दगड बसवणं शक्य होतं. बोझमन ट्रेल या ओरेगॉन ट्रेलपासून मोंटानाकडे फुटणाऱ्या वाटेवरचा १९२२ चा दोन खंडांचा ग्रंथ (ब्रिनिनस्टूलसोबत) आजही उघडावा लागतो.

पानगळ
दगड चुकीचाही बसतो. साउथ पास सिटी या वायोमिंगमधल्या खाणगावात तिथल्या रहिवासी एस्थर मॉरिस यांना स्त्री-मताधिकाराच्या जनक ठरवलं गेलं, त्यात बाईंचा मोठा हात. वायोमिंगमधल्या स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १० डिसेंबर १८६९ च्या कायद्याचं विधेयक विल्यम ब्राइट या आमदारांनी मांडलं होतं. मॉरिसबाईंनी घरच्या चहापानात उमेदवारांकडून या विधेयकाचं वचन घेतलं, ही गोष्ट त्यांच्याच गावचे निकरसन यांनी लिहिली ती १९१९ मध्ये, पन्नास वर्षांनी.

जुनी वही
म्हणूनच बाईंचा संग्रह वाचताना त्यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करू नका. आधी मूळ पत्रं आणि जबाब, मग त्यांनी त्यातलं काय गाळलं ते पाहा.