बोधगयेचं झाड मूळचं नव्हेच
'बोधगयेला मूळ बोधिवृक्ष आहे, श्रीलंकेतलं झाड म्हणजे त्याची नुसती फांदी' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. फांदी खरीच, पण आज बोधगयेला उभं असलेलं झाड त्या फांदीहून वयाने कितीतरी लहान आहे. तिथलं जुनं झाड १८७६ च्या वादळात कोसळलं आणि इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८८१ च्या सुमारास त्याच जागी नवं रोप लावलं. श्रीलंकेतल्या अनुराधपुरातलं मात्र परंपरेप्रमाणे सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्रेने आणलेलं, म्हणजे सव्वादोन हजार वर्षांहून जुनं. त्यामुळे 'मूळ' कुणाला म्हणायचं, याचा निकाल दिसतो तितका सोपा नाही.

आम्ही अनुराधपुरला गेलो ते भर दुपारी. चपला बाहेर ठेवायच्या, मग तापलेल्या वाळूवरून टुणटुण उड्या मारत आत. एवढा नावाजलेला वृक्ष म्हणून आपल्याकडच्या पारावरच्या वडासारखा घेर डोळ्यांपुढे होता; प्रत्यक्षात उंच चौथऱ्यावर एक बारकंसं खोड, सोनेरी टेकूंवर रेललेलं. भोवतीची डेरेदार झाडं पाहून आधी आम्ही भलत्याच झाडाला हात जोडले! शेजारी पांढऱ्या साडीतल्या एक आजी निळ्या कमळाची एकेक पाकळी बोटाने मागे दुमडत बसल्या होत्या. सगळं फूल उमलवून झालं तेव्हाच उठून वाहिलं.

आणि हो, नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही याच अनुराधपुरच्या झाडाचा. बौद्ध भिक्खू भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथून फांद्या आणल्या होत्या. लंकेला जाणं जमत नसेल तर नागपूर जवळ आहे.