क्रोनो ट्रिगर: ॲनिमेची दृश्यं हवीत की नकोत?

रानवारा:
क्रोनो ट्रिगर, तो कालप्रवासाचा जुना जपानी व्हिडिओ गेम, परत खेळायला घेतलाय, या वेळी संगणकावर, स्टीमवरून. १९९५च्या, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवरच्या मूळ गेममध्ये ॲनिमेची दृश्यं नव्हती. ती १९९९च्या प्लेस्टेशन आवृत्तीत आली, तोएई ॲनिमेशनने केलेली. माझं स्पष्ट मत आहे की त्यांची गरज नव्हती. फ्रॉग, म्हणजे तो बेडूक झालेला योद्धा, मासामुने तलवार उगारून डोंगर दुभंगतो तो प्रसंग घ्या. इवलासा ठिपक्यांचा (पिक्सेलचा) बेडूक, मागे त्याची ती धून, आणि अंगावर काटा येतो. त्यावर आणखी काय दाखवणार?

चकमक:
साफ असहमत. ही पात्रं मुळात ड्रॅगन बॉलच्या अकिरा तोरियामांनी कागदावर काढलेली. नायक क्रोनोचे ताठ केस, त्याची मैत्रीण लुकाचा चष्मा, यातलं किती त्या ठिपक्यांत मावलं? कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी पाहत मोठी झाले मी. ॲनिमे सुरू होताच तो हात ओळखू आला. मार्च २०२४मध्ये तोरियामा गेले, तेव्हापासून तर ती दृश्यं मी कधीच वगळत नाही.

रानवारा:
हात ओळखू येतो, खरंच. पण लुकाच्या आईचा प्रसंग आठवा. आई यंत्रात अडकलीय आणि यंत्र थांबवायचा परवलीचा शब्द म्हणजे तिचंच नाव: एल, ए, आर, ए. मूळ कंट्रोलरवर नेमकी ही बटणं होती! वेळेत दाबली नाहीत तर तिचे पाय कायमचे जातात. तिथे छाती धडधडते, कारण बोटं आपली असतात. ॲनिमे लागलं की कंट्रोलर मांडीवर.

गारवेल:
प्लेस्टेशनवर साधा मेनू उघडायलाही ताटकळावं लागायचं. त्या आवृत्तीवरचा राग दृश्यांवर काढू नका. शेवटचं लग्न, लुकाला सापडलेलं बाळ, हे मूळ गेममध्ये नव्हतंच. पुढच्या गेमची, क्रोनो क्रॉसची वाट तिथूनच निघते.

रानवारा:
शेवटाचं पटलं, ती खरी भर आहे. पण आपल्या सोबतच्या यंत्रमानवाचं, रोबोचं काय? जंगल उभं करायला त्याला इ.स. ६००मध्ये मागे ठेवून आपण क्षणात १०००मध्ये पोचतो. आपला एक क्षण, त्याची एकट्याची ४०० वर्षं. मधलं काहीच दाखवत नाहीत, म्हणूनच शेकोटीपाशी तो बोलू लागतो तेव्हा घशात आवंढा येतो.

चकमक:
रोबोपुरतं मान्य, तिथे एकही चित्र नको. फ्रॉगबद्दल मात्र नाही. इतकी वर्षं स्वतःला भित्रा समजणाऱ्या त्या जिवाचा चेहरा मला जवळून पाहायचाच होता.